न सुकणारा डोंगर

माझे थोरले दीर आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात कपड्यांच्या दोन पिशव्या, रक्तदाबाचं मशीन आणि रंगांची एक लाकडी पेटी होती. कपडे मी कपाटात लावले, मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि पेटी कुठे ठेवू म्हणून विचारलं.

"माळ्यावर टाक," भाऊजी म्हणाले.

"माळा भरलाय."

"मग भंगारात दे."

मी पेटी त्यांच्या पलंगाखाली सरकवली आणि विषय संपवला.

भाऊजींनी सगळी नोकरी बसच्या डेपोत केली. बसगाड्यांवर नंबर आणि पाट्या रंगवायचं काम. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. रविवारी मात्र ते स्वतःसाठी रंगवायचे. पावसाळा सरला की पेटी खांद्याला लावून बोरिवलीला नॅशनल पार्कात जायचे, दहिसर नदीच्या काठी एका सपाट खडकावर बसायचे आणि समोरचा डोंगर आणि नदी तैलरंगात उतरवायचे. तीसेक वर्षं तोच डोंगर आणि तीच नदी. लग्नानंतर नवीन असताना मी एकदा विचारलं होतं, "दर वेळी तेच काय काढता?" त्यावर म्हणाले, "तू रोज भात करतेस ना? मग?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबकळल्यासारखा. जाऊबाई वारल्याला सात वर्षं झाली होती आणि मुलगी लांब बंगळुरूला, म्हणून ते कांदिवलीला आमच्याकडे आले. मी लगेच तक्ता केला: गोळ्या, व्यायाम, रबरी चेंडू दाबायचा, दोन वेळा खोबरेल तेलाने मालिश. मालिश माझा नवरा करायचा. भाऊजी तक्त्याप्रमाणे सगळं करत. डाव्या हाताने जेवायलाही शिकले. पण उरलेला दिवस गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. समोर नवा टॉवर चढत होता, तोच बघत. सहा महिन्यांत तेरा मजले झाले आणि भाऊजी खुर्चीत कमी कमी होत गेले.

मला धीर देणं जमत नाही. मी ऑफिसात ॲडमिन बघते. माणसांकडून काम करून घेणं तेवढं जमतं. एका शनिवारी चहा देताना मी म्हटलं, "भाऊजी, मला तैलरंग शिकवा."

"तुका?" ते गावाकडच्या बोलीत आले की समजायचं, खरंच आश्चर्य वाटलंय. "कित्याक?"

"पन्नाशी उलटली. छंद हवा म्हणतात."

"तुझा छंद याद्या करणं."

आतून नवरा ओरडला, "दादा, नको रे! ती डोंगरालापण टिक मारील."

भाऊजी हसले. बऱ्याच दिवसांनी. मग गंभीर होऊन म्हणाले, "शिकवीन. पण मी ब्रश धरायचा नाय. आधीच सांगतंय."

"तुम्हाला धरायला कोण सांगतंय?" मी म्हटलं.

माझा खरा बेत अर्थातच तोच होता.

रविवारची तयारी मी आदल्या रात्रीपर्यंत लांबवत नाही. शुक्रवारीच पिशवी भरली. घडीची खुर्ची, चित्र टेकवायची घोडी म्हणजे इझल, छत्री, दोन बोर्ड, चिंध्या, पाणी, चिवडा, त्यांच्या गोळ्या. आणि दोन छोट्या बाटल्या. एकीत लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, रंगात घालायला. दुसरीत खोबरेल, कारण तासभर बसलं की त्यांचा हात आखडायचा आणि तिथेच चोळावा लागायचा. दोन्ही बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी, सारख्याच. बाटलीला चिठ्ठी लावली की तेलाने सुटते हा माझा स्वयंपाकघरातला अनुभव. म्हणून मी चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या आणि वरून पारदर्शक टेप लावली. या युक्तीचं मला कौतुकही वाटलं होतं.

पहिल्या रविवारी रिक्षाने पार्काच्या गेटपर्यंत, मग काठी टेकत, थांबत थांबत नदीपर्यंत. नोव्हेंबर नुकताच लागला होता. नदीला पाणी बेताचं होतं, खडकांमधून डबकी डबकी करून वाहत होतं. पलीकडे डोंगर, अजून हिरवा, पण माथ्यावर गवत पिवळं पडायला लागलेलं. त्यांचा नेहमीचा खडक त्यांनी काठीने दाखवला. मी खुर्ची मांडली, इझल उभं केलं आणि विचारलं, "आता पहिलं काय?"

"डोळे बारीक कर आणि बघ."

"किती वेळ?"

"गो बाये, गॅसवर दूध ठेवलंयस काय?"

शिकवताना ते कडक होते. सकाळी नऊला सावल्या ठरवायच्या, मग सूर्य कुठेही जाऊ दे, त्याच्यामागे पळायचं नाही. रंगाचा पहिला हात टर्पेंटाइनमध्ये कालवून पातळ द्यायचा, तो सुकला की वरचा हात तेल घालून, दाट. उलट केलं तर चित्राला तडे जातात. मला त्यांनी तेलाला हातच लावू दिला नाही. "तुझा पहिला हात तरी नीट होऊ दे." मी आकाश पूर्ण केलं, मग डोंगर पूर्ण केला, मग नदीकडे वळले. ते बघत राहिले आणि म्हणाले, "चित्र काढतेस की फॉर्म भरतेस? सगळं एकदम पुढे न्यायचं. डोंगराला माहीत असायला हवं खाली नदी आहे."

पार्कात फिरायला येणारे थांबून बघायचे. माझ्या चित्राकडे एक नजर, मग खुर्चीतल्या भाऊजींकडे. एक बाई मला म्हणाल्या, "बाबांना घेऊन येता, छान करता." भाऊजी कुरकुरले, "बाबा म्हणे! दीर आहे मी." त्यांना राग आलेला बघून मला बरं वाटलं. घरी त्यांना कशाचा रागही येत नसे.

तिसऱ्या रविवारी मी नदीतले खडक काढत होते. चांगले मेहनतीने. मागून आवाज आला, "बटाटे."

"काय?"

"बटाटे घातलेस पाण्यात. दे हिकडे."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी ब्रश दिला आणि वळून पिशवीत काहीतरी शोधू लागले, कारण बघत राहिले असते तर त्यांनी तो परत केला असता. पाहिलं तेव्हा एका बटाट्याखाली एकच काळपट रेघ होती, थोडी थरथरलेली. पण तो दगड पाण्यात बसला होता. बाकीचे तरंगत होते.

पुढच्या रविवारी मी दुसरा बोर्ड त्यांच्या खुर्चीसमोर लावला.   कोपर गुडघ्यावर टेकवून, ओठ चावत, त्यांनी डाव्या हाताने पहिला हात द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यात तो सुकला. मग दोन रविवार वरचा हात, तेल घालून. मध्ये एकदा हात आखडला म्हणून मी दोन्ही बाटल्या खडकावर उघड्या ठेवून त्यांचा दंड चोळला, इतक्यात माकडाने चिवड्याची पुडी उचलली, धावाधाव झाली, भाऊजी पोट धरून हसले. मी परत येऊन बाटल्यांना झाकणं लावली आणि पुढच्या कामाला लागले.

चित्र झालं. माझं मत विचाराल तर ते त्यांच्या जुन्या चित्रांपेक्षा वेगळं होतं. रेघा सरळ नव्हत्या. डोंगर जरा अंगावर आल्यासारखा, नदी थोडक्यात आटोपलेली. पण खडकाच्या ओल्या बाजूवर सकाळचा जो उजेड होता तो तिथे होता. घरी आल्यावर नवरा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभा राहिला आणि मग म्हणाला, "दादा, झकास रे." भाऊजी म्हणाले, "सुकू दे, मग बोलू."

चित्र कपाटावर ठेवलं. रोज सकाळी ते करंगळी टेकवून बघायचे. आठवडा झाला, ओलं. दहा दिवस, ओलं. माझं चित्र केव्हाच सुकलं होतं. तीन आठवड्यांनीही त्यांच्या करंगळीला हिरवा रंग लागत होता. नदीचं पाणी तर बोर्डावरून खाली ओघळायला लागलं.

एका सकाळी त्यांनी करंगळी टॉवेलला पुसली आणि म्हणाले, "हाताला अंदाज राहिला नाही. किती तेल घेतलं ते कळलंच नाही माका."

"थंडीमुळे असेल," मी म्हटलं.

"तीस वर्षं थंडीतच रंगवलं गो."

त्या रविवारी ते आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. पुढच्या रविवारी कारणसुद्धा दिलं नाही. रबरी चेंडू टीपॉयखाली गेला तो तिथेच राहिला. मालिशच्या वेळी हात लोकांचा असल्यासारखा पुढे करायचे. मुलीचा फोन आला तेव्हा म्हणाले, "एक करून बघितलं. नाही जमलं." आणि मला म्हणाले, "ती पेटी खरंच देऊन टाक कोणाला. पलंगाखाली पायाला लागते." पायाला लागत नव्हती. मी मोजून आत सरकवली होती.

जानेवारीत चार दिवस कडाक्याची थंडी पडली, म्हणजे मुंबईच्या हिशेबाने. बाथरूममधली खोबरेलाची बाटली गोठून पांढरी झाली. मी ती गरम पाण्यात उभी करत होते तेवढ्यात नवरा भाऊजींच्या खोलीतून म्हणाला, "इकडची बघ, ही नाही गोठली. मस्त पातळ आहे. जरा चिकट लागते एवढंच."

मी हातातलं तसंच टाकून खोलीत गेले. नदीवर न्यायची तीच तपकिरी बाटली, घरच्या मालिशलाही तीच; झाकणावर माझ्या अक्षरात 'खोबरेल' लिहिलेलं. आतलं तेल बोटावर घेतलं. पिवळं होतं. वास घेतला, जवसाचा. नवऱ्याच्या नाकाचा भरवसा मी कधीच धरत नाही, पण मी स्वतः महिनाभर त्या टॉवेलचा वास कसा घेतला नाही? मालिशचा टॉवेल पापडासारखा कडक झाला होता. मी तो दोनदा वेगळ्या पावडरीत धुतला होता आणि पावडरीला नावं ठेवली होती. नवऱ्याने पूर्वी एकदा विचारलंही होतं, "तेल चिकट झालंय का गं?" मी उत्तर दिलं होतं, "थंडीत होतं तसं."

रंगांच्या पिशवीतून दुसरी बाटली काढली. झाकणावर 'लिनसीड'. आत पांढराशुभ्र गोळा.

खोबरेल कधीच सुकत नाही. रंगात घातलं तर रंगही सुकू देत नाही. माकडाच्या गडबडीत मी झाकणं उलटी लावली होती, आणि नावं झाकणांवर असल्यामुळे पुढे कोणालाच कळायची सोय ठेवली नव्हती.

खरं तर त्याच मिनिटाला भाऊजींना सांगायला हवं होतं. मी दोन दिवस सांगितलं नाही. या घरात वस्तू जागेवर नसली की मी बोलते, आणि पंचवीस वर्षं बोलत आले आहे. नवऱ्याने एकदा मिठाच्या बरणीत साखर ओतली होती, ते मी अजून सोडलेलं नाही. पण माझा मान हे अर्धंच कारण होतं. दुसरी भीती मोठी होती: ते विश्वास ठेवणार नाहीत.

आणि तसंच झालं. गॅलरीत त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. माकड, झाकणं, टॉवेल. 

"तू आणि चूक?" ते म्हणाले. "बाटल्यांची? समजूत काढतेस माझी."

"भाऊजी, मी समजूत काढते का कधी कोणाची?"

"म्हणूनच नीट जमलं नाही तुला," म्हणाले आणि टॉवरकडे तोंड फिरवलं.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. जुन्या बोर्डाचा तुकडा घेतला. त्यावर त्यांच्याच ट्यूबमधल्या हिरव्याचे दोन पट्टे ओढले. एकात लिनसीडच्या मूळच्या मोठ्या बाटलीतलं तेल, एकात बाथरूममधलं खोबरेल, दोन्ही चमच्याने मोजून सारखं. खाली काय ते लिहिलं. या वेळी बोर्डावरच, पक्क्या शाईत. तुकडा गॅलरीच्या ग्रिलला, त्यांच्या खुर्चीसमोर, तारेने बांधला.  

पहिले दोन दिवस त्यांनी तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर त्यांची करंगळी हिरवी होती. पाचव्या दिवशी ती घाईघाईने शर्टाला पुसली. आठव्या दिवशी, ऑफिसातून आले तेव्हा, ते ग्रिलला धरून उभे होते. काठी खुर्चीवर पडली होती.

"हिकडे ये," म्हणाले. डाव्या हाताच्या नखाने त्यांनी एक पट्टा खरवडला. कडक. दुसऱ्यावर बोट टेकवलं आणि बोट मला दाखवलं.

मी मान डोलावली.

"म्हणजे महिनाभर," ते सावकाश म्हणाले, "माझ्या हाताला तू लिनसीड चोळलंस."

"मी नाही, तुमच्या भावाने."

"वार्निश करणार होतात काय माका?"

नवरा दारात आला होता. "तरीच म्हटलं दादा, चमकतोय."

"तू गप रे. वास येत नाही, मेल्या, नाक कित्याक ठेवलंयस?" ते भावावर इतके खेकसले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "चूक माझी आहे, भाऊजी. तुमचा हात बरोबर होता."  त्यांनी टीपॉयखाली काठी घालून चेंडू बाहेर ओढला.

रविवारी आम्ही नदीवर गेलो. चित्र बरोबर घ्यायला त्यांनीच सांगितलं. मी ते दोन पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये बुचाचे तुकडे घालून नेलं, रंग पुसला जाऊ नये म्हणून. मला वाटलं होतं ते त्याच्याकडे बघून नवीन काढतील. डोंगर आता पुरता पिवळा झाला होता आणि डबकी अजून आटली होती.

त्यांनी चित्र इझलवर लावायला सांगितलं. मग रंगाची सुरी मागितली.

"कशाला?"

"खरवडायचंय."

"भाऊजी, नको. पहिलं चित्र आहे डाव्या हाताचं. मी काचेत घालून ठेवते. ओलं तर ओलं."

"खोबरेलाचं चित्र कशाला ठेवायचं? घरभर हिरवे डाग. तूच ओरडशील." मी ओरडले असते, हे खरं होतं. "आणि बरं झालं सुकलं नाही ते. सुकलं असतं तर तुम्ही दोघांनी भिंतीवर लावलं असतं आणि मी रोज बघितलं असतं. डोंगर चुकलाय."

"चुकला नाहीये. चांगला आहे."

"तुला काय कळतं? ही डोंगराच्या खांद्याची उतरण बघ. मग तिकडे बघ. केवढा पुढे ओढलाय मी. हे तुझं तेल नाय गो. हे मीच चुकवलंय."

ते इतक्या समाधानाने म्हणाले की मी सुरी दिली.

सुरी डाव्या हातात धरून त्यांनी माथ्यापासून खाली रंग ओढायला सुरुवात केली. मऊ हिरवा रंग गुंडाळ्या होऊन सुरीवर येत होता आणि ते तो चिंधीला पुसत होते. बोर्ड निसटायचा तेव्हा मी धरायचे. एकदा त्यांनी उजवा हात उचलून बोर्डाच्या कडेला टेकवला. उचलला म्हणजे डाव्याने उचलून ठेवला, पण तिथे तो राहिला, वजनासारखा, आणि बोर्ड हलायचा थांबला. मी माझा हात काढून घेतला.

वरचा सगळा रंग निघाल्यावर टर्पेंटाइनच्या चिंधीने त्यांनी बोर्ड पुसला. खाली पहिला हात तसाच होता, पातळ, कोरडा, करड्या रंगाचा. थरथरत्या रेघेचा डोंगर आणि त्याच्या पायाशी नदी. त्यांनी डोळे बारीक करून आधी त्याच्याकडे आणि मग समोर बघितलं.

"हा बरोबर आहे की," म्हणाले. "वरून मी शहाणपणा करायला गेलो. डेपोतल्यासारखी रेघ मारायला गेलो." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "तो मोठा ब्रश दे. आणि तेल दे. वास घेऊन दे."

मी वास घेतला आणि दिलं. ते कामाला लागले.  फिरायला येणारे थांबले आणि गेले, भाऊजींना पत्ता नव्हता. मी माझा बोर्ड लावला आणि नदी काढू लागले. बरी चालली आहे असं मला वाटत होतं. साडेदहाला मी म्हटलं, "गोळीची वेळ झाली."

"थांब." ब्रश दातांत धरून ते माझ्या बोर्डाकडे झुकले, बराच वेळ बघत राहिले आणि ब्रश काढून म्हणाले, "तुझं पाणी डोंगरावर चढतंय."

मी डोळे बारीक करून बघितलं. खरंच चढत होतं.